भूमिका करणे आणि भूमिका घेणे : ‘अल्फा प्रोटोकॉल’विषयीच्या संमिश्र प्रतिक्रियांचा अर्थ

१

एखाद्या कृतीविषयीच्या प्रतिक्रिया ‘संमिश्र’ आहेत असे म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. काहींना कृती आवडली, काहींना आवडली नाही, ही एक गोष्ट. तिचा संबंध आस्वादकांच्या समूहाशी असतो. एकाच आस्वादकाला एकाच बैठकीत ती भावली आणि खटकलीही, ही दुसरी गोष्ट. तिचे मूळ कृतीच्या घडणीत शोधावे लागते. पहिल्या प्रकारच्या संमिश्रतेची नोंद साहित्याच्या समाजशास्त्राने घ्यावी. दुसऱ्या प्रकारची संमिश्रता हा समीक्षेपुढचा प्रश्न होय. गुणदोषांची बेरीज-वजाबाकी करून ‘एकंदरीत बरी’ असा निर्वाळा दिल्याने तो सुटत नाही, केवळ टळतो.

व्हिडिओ गेम या प्रकाराच्या परीक्षणात हे टाळणे जवळजवळ संस्थारूप झालेले आहे. तेथे कृतीला शंभरपैकी गुण देण्याची आणि अनेक परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढण्याची प्रथा आहे. कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेने रचलेला आणि सेगा या कंपनीने २०१० साली प्रकाशित केलेला ‘अल्फा प्रोटोकॉल’ हा खेळ या प्रथेची मर्यादा दाखवणारे उत्तम उदाहरण ठरतो. सरासरीच्या हिशेबात तो साठ ते पंच्याहत्तर गुणांच्या पट्ट्यात बसला. परंतु परीक्षणे वाचू गेल्यास कोणालाही तो ‘मध्यम’ वाटला होता असे दिसत नाही. संभाषणे आणि निवडींचे परिणाम यांविषयी असाधारण कौतुक, तर गोळीबार, पहारेकऱ्यांचे वर्तन आणि तांत्रिक सफाई यांविषयी तीव्र नाराजी, अशी ही विभागणी आहे. तिचा अर्थ लावणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

असा खेळ ‘संहिता’ मानावी काय, ही शंका येथे विस्ताराने हाताळण्याची गरज नाही. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मधील ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात जिच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्या-पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, अशा संहितेची कल्पना मांडली. तिच्यात वाचकाचा एक मार्ग खुला होतो तेव्हा दुसरे मार्ग त्याला बंद होतात. ‘अल्फा प्रोटोकॉल’ हा या कल्पनेचा जणू पाठच आहे.

२

खेळाची प्रचलित ओळख ‘भूमिकाप्रधान नेमबाजीचा डावपेची खेळ’ अशी करता येईल. या लांबलचक नावातच दोन भिन्न वंशांचा संयोग आहे. नेमबाजीच्या खेळात खेळणाऱ्याचा डोळा आणि हात कसाला लागतात. नेम चुकला तर तो खेळणाऱ्याचा चुकला. भूमिकाप्रधान खेळाचा वंश वेगळा आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात पात्राचे बळ, चातुर्य, कौशल्य अंकांत मांडलेले असते आणि कृती सफल झाली की नाही हे फासे सांगतात. खेळणारा ठरवतो, पात्र करते, आणि या दोहोंच्या मध्ये दान पडते.

फ्रेंच विचारवंत रोझे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार मूलभूत प्रकार कल्पिले होते : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. त्यांच्या मते यांपैकी काही जोड्या स्वाभाविकपणे जुळतात, काही मुळीच जुळत नाहीत. आणि सोंग व दैव ही न जुळणारी जोडी होय. कारण सोंग घेणारा इतरांना आणि स्वतःला भुलवू पाहतो, फाशाला मात्र भुलवता येत नाही. सोळा वर्षांनी अवतरलेल्या भूमिकाप्रधान खेळांनी ही जोडी जुळवून दाखवली, म्हणून कायवांचे म्हणणे सपशेल खोटे ठरले असे वरवर वाटते. परंतु ती जोडी जुळली ती एका अटीवर. फासा पटावर, सर्वांच्या देखत पडतो. सारीपाट खेळणाऱ्या मराठी माणसाला ही अट समजावून सांगावी लागत नाही. दान दैवाचे, पण कोणती सोंगटी चालवायची हा निर्णय खेळणाऱ्याचा. दैव आणि पुरुषकार यांची सरहद्द पटावर स्पष्ट आखलेली असते. दान वाईट पडले तर माणूस हळहळतो, पण फसवणूक झाली असे त्याला वाटत नाही.

३

‘अल्फा प्रोटोकॉल’मधील गोळीबार नेमकी हीच सरहद्द पुसून टाकतो. नायक मायकेल थॉर्टन हा एका गुप्त अमेरिकी यंत्रणेचा हेर आहे. पिस्तूल, बंदूक, चोरपावलांनी वावरणे, हातघाई, तांत्रिक कसब अशा कौशल्यांमध्ये खेळणाऱ्याने गुण वाटून द्यायचे असतात. दृश्य मात्र नेमबाजीच्या खेळाचे आहे. पडद्यावर नेमाचे चिन्ह असते, ते खेळणारा हाताने शत्रूवर आणतो आणि चाप ओढतो. चिन्ह शत्रूच्या मस्तकावर असूनही गोळी बाजूने जाते, कारण थॉर्टनचे पिस्तुलातील कौशल्य अद्याप कमी आहे. नेम क्षणभर स्थिर धरून ठेवला तर घाव वर्मी बसतो, ही सवलत आहे. परंतु दोन पावलांवरच्या शत्रूसमोर असा स्थिर उभा राहणारा हेर हास्यास्पद दिसतो. म्हणजे येथे फासा आहेच, केवळ तो पटाखाली लपवलेला आहे. डोळ्यांना दिसते ते पुरुषकाराचे चित्र, आणि प्रत्यक्षात चालते ते दैव.

या अनुभवाला ‘सदोष नियंत्रण’ असे तांत्रिक नाव देऊन थांबता येते, पण संस्कृत काव्यशास्त्र अधिक नेमके शब्द पुरवते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीती घडवणाऱ्या साधनांचेच अपंगत्व, आणि ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे आस्वादकाने स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे, ही दोन येथे एकामागोमाग येतात. साधन अपुरे पडते. त्यामुळे खेळणारा थॉर्टनच्या संकटातून बाहेर फेकला जातो आणि स्वतःच्या वैतागात अडकतो. त्याला वाटणारा संताप हा थॉर्टनचा संताप नसतो.

न. चिं. केळकर यांच्या ‘सविकल्प समाधी’च्या उपपत्तीने याच गोष्टीवर दुसऱ्या बाजूने प्रकाश पडतो. वाचक पात्राशी समरस होतो आणि त्याच वेळी आपण ते पात्र नव्हे ही जाणीवही राखतो. वाङ्मयाचा आनंद या दुहेरी अवस्थेत आहे, असे केळकरांचे प्रतिपादन होते. तेव्हा ‘मी थॉर्टन नाही’ ही जाणीव खेळाने करून दिली, तर त्यात बिघडले काय, असा प्रतिवाद करता येईल. तो वजनदार आहे, पण पुरेसा नाही. केळकरांचा ‘विकल्प’ वाचकाच्या स्वाधीन असतो. समरसतेच्या आतच वाचक तो जागा ठेवतो. हुकलेल्या गोळीचा विकल्प यंत्राने लादलेला असतो आणि तो समाधी मोडूनच येतो. सविकल्प समाधी आणि समाधिभंग या एकच गोष्टी नव्हेत.

हा पेच एकट्या या खेळाचा नाही. बायोवेअर संस्थेच्या ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात (२००७) नेमबाजीची अचूकता पात्राच्या कौशल्यावर बऱ्याच अंशी अवलंबून होती. दुसऱ्या भागात (२०१०) ती खेळणाऱ्याच्या हाती सोपवली गेली. खेळ सफाईदार झाला, त्याची वाहवाही झाली. मात्र पात्राच्या जडणघडणीचा पसारा आटला, अशी खंत जुन्या चाहत्यांनी व्यक्त केली. म्हणजे हा पेच मिटवण्याचा रूढ मार्ग दोहोंपैकी एका वंशाला माघार घ्यायला लावणे हा आहे. ‘अल्फा प्रोटोकॉल’ने ती माघार घेतली नाही. त्याचे अपयश घडले ते याच नकारातून, आणि त्याचे यशही तेथूनच आले.

४

हे यश संभाषणात दिसते. समोरचे पात्र बोलत असताना पडद्याखाली थॉर्टनच्या उत्तराचे पर्याय उमटतात. ते पूर्ण वाक्यांचे नसून पवित्र्यांचे असतात : लाघवी, व्यावसायिक, आक्रमक. समोरच्याचे बोलणे संपण्यापूर्वी निवड करावी लागते. ती न केल्यास खेळच निवड करतो, आणि केलेली निवड मागे घेऊन पुन्हा विचारण्याची सोय नसते. एका पात्राला रोखठोकपणा रुचतो, दुसऱ्याला तोच उद्धटपणा वाटतो. विशेष म्हणजे कोणाची मर्जी गमावणे हा येथे केवळ तोटा नाही. शत्रुत्वाचेही काही लाभ होतात. त्यामुळे ‘योग्य उत्तर’ शोधण्याची परीक्षार्थी वृत्ती निरुपयोगी ठरते.

येथे फासा नाही. तरीही भूमिकाप्रधान खेळाचे मर्म, म्हणजे पात्र म्हणून वागणे आणि त्याचे परिणाम भोगणे, पूर्ण शाबूत आहे. शिवाय डावपेची खेळाचे मर्मही, म्हणजे अपुऱ्या माहितीवर, अपुऱ्या वेळात, प्रतिपक्षाचा स्वभाव ओळखून चाल करणे, येथेच प्रकट होते. गोळीबारात जे दोन वंश एकमेकांना छेद देतात, ते संभाषणात एकजीव होतात. खेळातला सर्वांत उत्कट डावपेच बंदूक खाली असताना घडतो, हा या कृतीचा विरोधाभास आहे.

मराठी भाषेच्या अंगाने या यशाचे वर्णन अधिक नेटके करता येते. ‘भूमिका’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. नट भूमिका करतो, आणि विचारवंत किंवा कार्यकर्ता भूमिका घेतो. पहिला अर्थ सोंगाचा, दुसरा बांधिलकीचा. ‘अल्फा प्रोटोकॉल’च्या गोळीबारात खेळणारा हेराची भूमिका करतो, आणि ती करताना सतत अडखळतो. संभाषणात त्याला भूमिका घ्यावी लागते. सौदी अरेबियातील मोहिमेच्या शेवटी शेख शहीद हा म्होरक्या हाती लागतो तेव्हा त्याला ठार करावे, अटक करावी की सोडून द्यावे, हा निर्णय खेळणाऱ्यावर येतो. प्रवासी विमान पाडल्याचा आरोप त्याच्यावर आहे. पण क्षेपणास्त्रे ज्या कंपनीची, ती हॅलबेक अमेरिकी आहे. रोममध्ये संग्रहालयातील अनोळखी माणसे वाचवावीत की ओळखीची एक स्त्री, हा प्रश्न येतो. या जागी कौशल्याचे गुण कामी येत नाहीत. खेळणाऱ्याला स्वतःचे मत असावे लागते.

निवेदनाची चौकट हा अर्थ अधिक गडद करते. संपूर्ण कथा ही थॉर्टन आणि हॅलबेकचा प्रमुख हेन्री लेलँड यांच्यातील संभाषणातून, मागे वळून सांगितली जाते. मॉस्को, रोम, तैपेई यांतील मोहिमा कोणत्या क्रमाने हाताळायच्या हे खेळणारा ठरवतो, आणि लेलँड त्या निवडींवर भाष्य करीत जातो. याचा अर्थ असा, की खेळणाऱ्याच्या कृती घडताक्षणीच साक्षीत रूपांतरित होतात. प्रतिपक्षच येथे निवेदनाचा श्रोता आणि एक प्रकारे समीक्षक आहे. शेवटी त्याच्याशी हातमिळवणी करण्याचा मार्गही खुला ठेवलेला आहे. दुष्टाचे निर्दालन हे पूर्वनियोजित फळ येथे नाही.

५

या विवेचनात ‘डावपेच’ हा शब्द वारंवार आला आहे. मराठी वाचकाच्या मनात तो पडद्यावरच्या खेळाआधी सह्याद्रीच्या घाटवाटांशी जोडलेला असतो. तेव्हा खेळाची तिसरी बाजू, म्हणजे त्यातील स्थळ, तपासताना एका स्थानिक संहितेची तुलना उपयुक्त ठरेल. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील चौक हे खालापूर तालुक्यातील गाव. मागे इर्शाळगड आणि प्रबळगड. येथून एक वाट कर्जतकडे फुटते, आणि सरळ रस्ता खोपोलीवरून बोरघाटाला भिडतो. याच तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाताना चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान याला कोंडले. या प्रसंगाचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात येते.

त्या वर्णनात युद्धापेक्षा स्थळ अधिक कार्य करते. दाट झाडी, चिंचोळी वाट, वारा नाही, पाणी नाही. घाट उतरून आलेली मोठी फौज आपल्याच आकाराने जेरीस येते, आणि झाडीत दबा धरून बसलेले पायदळ संख्येने कमी असूनही वरचढ ठरते. भूगोल हा येथे रंगमंच नसून पात्र आहे. चौक परिसरातील वाचकाला हे अलंकारिक वाटण्याचे कारण नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा डोंगर ही निव्वळ पार्श्वभूमी नसते हे या भागाने फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे. या कसोटीवर ‘अल्फा प्रोटोकॉल’ची स्थळे पातळ ठरतात. सौदी वाळवंट, मॉस्को, रोम, तैपेई ही नावे बदलतात; प्रत्यक्षात खेळणारा एकसारख्या दालनांतून, आडोशामागून आडोशाकडे जात राहतो. जमिनीला स्वभाव नाही, म्हणून जमिनीवरच्या डावपेचालाही खोली नाही. शहरांत शत्रू आणि संवादक भेटतात, रहिवासी जवळजवळ भेटत नाहीत. परदेश म्हणजे मोहिमेचे ठिकाण, ही हेरकथेची जुनी वसाहतवादी सवय खेळाच्या कथानकाने उलटवली आहे, कारण खरा अपराधी मायदेशी कंपनीत बसलेला आहे. पण दृश्यरचनेने ती तशीच ठेवली आहे.

उंबरखिंडीच्या वर्णनातील दुसरा विशेष खेळाच्या बलस्थानाशी जुळतो. निर्णायक क्षण शस्त्राचा नाही, सल्ल्याचा आहे. मोगलांच्या बाजूने आलेली रायबागन ही शूर स्त्री परिस्थिती ओळखून खानाला शरण जाण्याचा सल्ला देते. दूत पाठवला जातो. खंडणी घेऊन वाट मोकळी केली जाते. सेनानायिका ही रायबागनची नेमून दिलेली भूमिका होती. त्या भूमिकेत राहून तिने जी घेतली, ती तिची स्वतःची होय. कोंडलेल्या शत्रूची कत्तल न करता त्याला जाऊ देणे हाही महाराजांच्या डावपेचाचाच भाग आहे. ‘अल्फा प्रोटोकॉल’ आपल्या उत्तम क्षणी याच जातीचा अनुभव देतो, आणि मग अचानक तो नाकारतो. मॉस्कोमधील ब्रायको या प्रतिस्पर्ध्याशी होणारी गाठ हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. चोरपावले आणि वाक्चातुर्य यांवर भर देऊन थॉर्टनला घडवणाऱ्या खेळणाऱ्याला येथे एका बंदिस्त जागी, उघड झुंजीत उतरवले जाते. ‘तुझी भूमिका तू घे’ असे सांगणारी संहिता ऐन वेळी ‘माझी भूमिका तू कर’ असे फर्मावते. खिंडीत अडकतो तो खेळणारा, आणि त्याला दूत पाठवण्याची मुभा नसते.

६

आपल्याकडील निर्मितीशी तुलना केल्यास या फसलेल्या संयोगाचे मोल कळते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा देखणेपणाने सांगतो, पण कथेची वाट एकच आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (२०२४) नेमबाजीच्या स्पर्धेला भारतीय कल्पनाविश्वाचा पेहराव देतो. त्यात पात्र निवडता येते, पण भूमिका घ्यावी असा प्रसंग येत नाही. दोन्ही आपापल्या मर्यादेत निश्चित आहेत. त्यांच्यावर ‘अल्फा प्रोटोकॉल’सारखा दुभंगलेपणाचा आरोप करता येणार नाही, कारण दुभंगण्याइतका मोठा संकल्प त्यांनी केलेला नाही.

अर्थात संकल्पाच्या मोठेपणाने फलश्रुतीचे दोष धुतले जात नाहीत. पहारेकऱ्यांचे बाळबोध वर्तन, कुलूप-संगणक फोडण्याची कंटाळवाणी कोडी, तांत्रिक गचाळपणा हे दोष कोणत्याही उपपत्तीने गुण होत नाहीत. सेगाने दुसरा भाग काढण्यास नकार दिला. २०१९ मध्ये संगीताच्या परवान्याची मुदत संपल्याने खेळ विक्रीतूनच गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. एखाद्या गाण्याच्या करारापायी संहिता पाच वर्षे वाचकांपासून दूर राहते, ही बाब या माध्यमाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे. समीक्षा लिहिली जाईपर्यंत कृती हाती राहील याची येथे शाश्वती नाही.

प्रश्न उरतो तो निर्णयाचा. बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले : संवाद, विरोध आणि समतोल. समतोल म्हणजे सरासरी नव्हे. दोन विरोधी घटक आपापला ताण न सोडता एका रचनेत तोलले जातात तेव्हा समतोल साधतो. सरासरीत दोन्ही ताण नाहीसे होतात आणि एक आकडा उरतो. ‘अल्फा प्रोटोकॉल’मध्ये हात आणि पात्र, दैव आणि पुरुषकार यांचा विरोध आहे. संभाषणात तो तोलला जातो, गोळीबारात तोल जातो. तेव्हा या कृतीविषयीचे संमिश्र मत हे परीक्षकांचे डळमळणे नसून कृतीच्या अंतर्गत रचनेचे अचूक वाचन आहे, एवढेच की त्या वाचनाला अंकांच्या प्रथेने बोलू दिले नाही. गोळी कुठे हुकली हे सांगणे परीक्षणाला पुरेसे असेल. ती हुकली तेव्हा नेम कोणाचा होता, खेळणाऱ्याचा, पात्राचा की लपवलेल्या फाशाचा, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. आणि ते विचारताना तिलाही भूमिका नुसती करून भागत नाही, ती घ्यावी लागते.